रुग्ण एकही नाही, गटारात पोलिओ: इस्रायल, २०१३

९ एप्रिल २०१३ला दक्षिण इस्रायलमधल्या रहात या बेदुइन, म्हणजे मूळच्या भटक्या अरबांच्या, शहराच्या सांडपाण्याचा नेहमीचा नमुना घेतला गेला. त्यात वाइल्ड पोलिओ विषाणू, म्हणजे लशीतला नव्हे तर मूळचा, प्रकार १ आहे, हे २८ मेला पक्कं झालं. त्या दिवशी देशात पोलिओचा एकही रुग्ण नव्हता आणि या प्रकरणात पुढेही एकही मूल लुळं पडलं नाही. शेवटची साथ १९८८ची. बालकांचं लसीकरण नव्वद टक्क्यांच्या बरंच वर. मागे वळून पाहिल्यावर कळलं की विषाणू फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या नमुन्यातही होता. म्हणजे आजार कुणालाही नसताना संसर्ग जवळपास चार महिने घराघरांतून फिरत होता.

लक्षणं नसलेला संसर्ग शोधायचा कसा, आणि सापडल्यावर निरोगी दिसणाऱ्या लाखो मुलांना औषध द्यायला आईबापांना राजी करायचं कसं, या दोन्ही प्रश्नांसाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. काही गोष्टी तिथे फार चांगल्या झाल्या, काही उशिरा झाल्या.

फट कुठे होती

पोलिओच्या लशी दोन. एक टोचायची, मेलेल्या विषाणूची: आयपीव्ही. दुसरी तोंडात थेंब टाकायची, दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची: ओपीव्ही. टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. विषाणू आतड्यातून रक्तात उतरून मज्जारज्जूकडे निघाला तर ती त्याला वाटेत गाठतात आणि मुलाचे हातपाय वाचतात. पण आतड्याच्या अस्तरावर या लशीचा फारसा पहारा बसत नाही. विषाणू तिथे शिरतो, वाढतो आणि आठवडेच्या आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. मूल जेवतंय, खेळतंय, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरतंय. थेंबांची लस स्वतःच आतड्यात वाढते, त्यामुळे पहारा नेमका तिथेच बसतो.

इस्रायलने २००५मध्ये थेंब बंद केले आणि फक्त टोचायची लस ठेवली: २, ४, ६ आणि १२ महिन्यांना, आणि पुढे दुसरीच्या वर्गात एक. निर्णय त्या वेळी अविचाराचा नव्हता. लशीतल्या जिवंत विषाणूमुळे क्वचित, साधारण २७ लाख पहिल्या डोसांमागे एकदा, लशीनेच लुळेपणा येतो. देशात पोलिओ नसताना तो धोका का पत्करायचा? पण त्याचा परिणाम असा की २०१३पर्यंत नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांची एक अख्खी पिढी तयार झाली होती: पाय सुरक्षित, आतडी उघडी. लसीकरणाच्या टक्केवारीत ही फट दिसत नाही, कारण टक्केवारी मोजते ती टोचलेल्या सुया.

पोलिओ शोधायची जगभरची मुख्य पद्धत रुग्णावर आधारलेली आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला, की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत. प्रकार १च्या विषाणूने लस न घेतलेल्या साधारण दोनशे जणांना गाठलं तर त्यांतल्या एकाला लुळेपणा येतो. म्हणजे लस नसलेल्या वस्तीतसुद्धा पहिला रुग्ण दिसतो तेव्हा मागे दोनशेच्या आसपास संसर्ग होऊन गेलेले असतात. आयपीव्ही घेतलेल्या वस्तीत हा एकही उगवत नाही. रुग्णाची वाट पाहणारी यंत्रणा तिथे आंधळीच.

सुदैवाने १९८८च्या साथीनंतर, १९८९पासून इस्रायलमध्ये सांडपाणी तपासायचं काम चालू होतं. थेंब बंद केले तेव्हाही ते बंद केलं नाही. या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय कुठला विचाराल, तर तो हा: वर्षानुवर्षं ‘काही नाही’ असाच निकाल येत असतानाही त्या कामाचा खर्च कुणी कापला नाही.

बाटलीभर मैलापाण्यातून विषाणू

सांडपाण्याचा नमुना दोन तऱ्हांनी घेतात. एक म्हणजे पहाटे-सकाळी, वस्तीतली माणसं शौचाला जायच्या वेळी, बादली सोडून एकदम लिटरभर उचलायचं. दुसरी म्हणजे यंत्र लावून ठेवायचं. ते ठरावीक वेळाने थोडं थोडं पाणी ओढून चोवीस तासांचा एकत्र नमुना तयार करतं. इस्रायलमध्ये अशी यंत्रं होती. यंत्राचा फायदा उघड आहे: विषाणू सोडणारं मूल दुपारी शौचाला गेलं तरी ते सुटत नाही.

जागा निवडण्यात निम्मं यश असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या मार्गदर्शनानुसार एका जागेमागे एक ते तीन लाख वस्ती असावी. त्याहून मोठ्या वस्तीत एखाद-दुसऱ्या मुलाचा विषाणू पाण्यात हरवतो, फार लहान वस्ती घेतली तर जागा आणि खर्च वाढतात. वरच्या बाजूला कारखाना असेल तर त्याची रसायनं प्रयोगशाळेतल्या पेशीच मारतात आणि नमुना वाया जातो. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गटारात शिरलं की विषाणू पातळ होतो. आणि सर्वात महत्त्वाचं: ज्या घरांचा मैला गटारात येतच नाही ती घरं या नकाशावर नसतात. नेगेवमध्ये, म्हणजे दक्षिण इस्रायलच्या वाळवंटी भागात, बेदुइनांच्या सरकारी मान्यता नसलेल्या कितीतरी वस्त्यांना गटारच नाही. रहातच्या यंत्रात जे सापडलं ते गटार असलेल्या भागाचं.

आता प्रयोगशाळेत. नमुना बर्फावर, चार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला पाहिजे. प्रमाणित पद्धतीत ५०० मिलिलिटर सांडपाणी घेऊन ते सेंट्रिफ्यूजमध्ये वीस मिनिटं फिरवतात. तळाशी बसलेला गाळ फेकायचा नाही, कारण विषाणू मैल्याच्या कणांना चिकटलेला असतो. तो चार अंशांवर जपून ठेवायचा. वरच्या पाण्यात डेक्स्ट्रान आणि पीईजी-६००० ही एकमेकांत न मिसळणारी दोन रसायनं, म्हणजे डेक्स्ट्रानचं २२ टक्के द्रावण ३९.५ मिलिलिटर आणि पीईजीचं २९ टक्के द्रावण २८७ मिलिलिटर, शिवाय मिठाचं तीव्र द्रावण ३५ मिलिलिटर घालून थंडीतच ढवळतात. मग उभट, खाली तोटी असलेल्या नरसाळ्यात ते रात्रभर चार अंशांवर ठेवायचं. सकाळी दोन थर दिसतात. वरचा थर मोठा आणि विषाणूच्या दृष्टीने रिकामा. विषाणू तळच्या छोट्या थरात आणि दोन थरांच्या मधल्या धूसर पट्ट्यात गोळा झालेला असतो. तोटी हळू उघडून तेवढेच काही मिलिलिटर काढायचे, त्यात रात्री जपलेला गाळ मिसळायचा, जिवाणू-बुरशी मारायला क्लोरोफॉर्म आणि अँटिबायोटिक. अर्धा लिटर पाणी अशा रीतीने दहाएक मिलिलिटरवर येतं. घाईत तोटी जास्त उघडली आणि वरचा थर ओघळून आत आला, तर रात्रभराची मेहनत पातळ झाली म्हणून समजा.

पुढे हे द्रावण जिवंत पेशींवर घालतात. एल-२०-बी नावाच्या पेशी मूळच्या उंदराच्या, पण त्यांत माणसाच्या पेशीवरचा पोलिओ विषाणूचा ‘दरवाजा’ बसवलेला असतो. त्यामुळे त्यांत मुख्यतः पोलिओच वाढतो. आरडी या माणसाच्या पेशींत आतड्यातले इतर विषाणूही वाढतात. आरडीचा उपयोग पडताळ्यासाठी होतो. एखाद्या जागेच्या नमुन्यात महिनोन्महिने आरडीवरही काहीच उगवलं नाही, तर पोलिओ नाही असा अर्थ काढायचा नसतो. नमुना, बर्फ किंवा जागा यांतलं काहीतरी बिघडलंय असं मानायचं. एकाच नमुन्यासाठी एल-२०-बीच्या एकाहून जास्त बाटल्या लावतात, कारण एका बाटलीत सर्वात वेगाने वाढणारा विषाणू बाकीच्यांना गिळून टाकतो.

पाच दिवस निरीक्षण, मग नव्या पेशींवर आणखी पाच दिवस, मग प्रकार ओळखायची पीसीआर, मग जनुकक्रम. सगळं सुरळीत गेलं तरी दोन-तीन आठवडे. रहातचा नमुना ९ एप्रिलचा आणि निकाल २८ मेचा: सात आठवडे. महिन्याने एक नमुना आणि निकालाला सात आठवडे, हा वेग ‘गेल्या वर्षी विषाणू होता का’ या प्रश्नाला पुरतो. ‘आज कुठे आहे’ याला पुरत नाही.

विषाणू आला कुठून

विषाणूच्या जनुकक्रमातल्या व्हीपी-१ या भागाची ९०६ अक्षरं वाचून हे ठरवतात. पोलिओ विषाणू वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे या भागात नऊ अक्षरं बदलतो. दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे यावरून ते एकमेकांपासून केव्हा वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. जवळच्या माहीत असलेल्या नातेवाइकापासून दीड टक्क्याहून जास्त फरक निघाला, तर मधली साखळी आपल्या नजरेतून सुटली, असा अर्थ.

रहातच्या विषाणूचे नातेवाईक लगेच सापडले. डिसेंबर २०१२मध्ये कैरोच्या सांडपाण्यात मिळालेला विषाणू त्याच घराण्यातला होता आणि दोघांचं मूळ पाकिस्तानात फिरणाऱ्या विषाणूत होतं. कैरोतही रुग्ण नव्हता. पाकिस्तानपासून नेगेवपर्यंतच्या या प्रवासात कुणी आजारी पडून दवाखान्यात गेल्याची नोंद नाही. सगळा माग गटारांचा आहे.

बेरशेबा, दिमोना, अश्दोद ही दक्षिणेतली नावं रायगडातल्या बऱ्याच जुन्या शेजाऱ्यांना परकी वाटणार नाहीत. अलिबाग-पेणकडून गेलेली मराठी बोलणारी बेने इस्रायली कुटुंबं तिथेच वसली. ऑगस्टमध्ये थेंबांच्या मोहिमेची सुरुवात झाली ती याच दक्षिण जिल्ह्यात.

जून-जुलै: चुकीच्या कुलुपाला किल्ली

निकाल आल्यावर पहिला प्रतिसाद असा: दक्षिणेत ज्यांची आयपीव्ही राहिली असेल त्यांना ती द्यायची, आणि हात धुण्याचा प्रचार. आयपीव्ही न घेतलेल्या मुलाला ती देणं योग्यच, कारण लुळं पडण्याचा धोका त्यालाच. पण प्रसार थांबवायला तिचा उपयोग नव्हता. आतड्याची प्रतिकारशक्ती आयपीव्हीने जोरात वाढते ती आधी थेंब घेतलेल्यांमध्ये. मुरादाबाद जिल्ह्यातल्या मुलांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे छान दिसलं. नेगेवमधल्या नऊ वर्षांखालच्या मुलांच्या आतड्यांनी थेंब कधी पाहिलेच नव्हते. तिथे वाढवायला काही नव्हतं.

विषाणू नक्की कोण सोडतंय हे पाहायला दक्षिणेतल्या लोकांचे शौचाचे नमुने घेतले गेले. बेदुइन मुलांत सुमारे वीसात एक मूल विषाणू सोडत होतं, ज्यू मुलांत शंभरात एकाहूनही कमी. विषाणू सोडणारी जवळपास सगळी मुलं २००५च्या बदलानंतरची, फक्त सुई घेतलेली. दाट घरं, मोठी कुटुंबं, एका छताखाली लंगोटातली तीन-चार पोरं, हे प्रसाराला पोषक होतंच. पण मूळ कारण लसीकरणाच्या वेळापत्रकात होतं. बेदुइनांच्या सवयींवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं होतं आणि चुकीचंही ठरलं असतं. त्यांची मुलं लस घेत होती.

दरम्यान नमुन्यांच्या जागा आणि वारंवारता दोन्ही वाढवली. प्रयोगशाळेने नेमका हाच विषाणू ओळखणारी पीसीआर तयार केली, जी पेशी वाढवायची वाट न पाहता थेट सांडपाण्याच्या द्रावणावर चालते. निकाल दिवसा-दोन दिवसांवर आला.

दोन थेंब

थेंब सुरू झाले ते ५ ऑगस्टला दक्षिणेत, आणि मध्य भागातही विषाणू सापडल्यावर १८ ऑगस्टपासून देशभर. पहिल्या होकारार्थी नमुन्यापासून हे सहा महिने. लस दुहेरी, म्हणजे प्रकार १ आणि ३ची: प्रकार २चा वाइल्ड विषाणू तोवर जगातून गेला होता, त्याची जिवंत लस पुन्हा लोकांत सोडण्यात अर्थ नव्हता. वयाची अट: १ जानेवारी २००४ नंतर जन्म. दुसरी अट कळीची: आयपीव्हीचा किमान एक डोस आधी झालेला हवा. रक्तात प्रतिपिंडं आधीच असली की लशीतल्या विषाणूने लुळेपणा येण्याचा धोका जवळपास संपतो. प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, किंवा घरात तसं कुणी असलेलं मूल, यांना वगळलं.

थेंब दिले गेले ते आई-बाळाच्या सरकारी दवाखान्यांत. या दवाखान्यांचं हिब्रू नाव ‘तिपत हलाव’, दुधाचा थेंब. मोहिमेचं नाव ‘दोन थेंब’. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर रांग लावलेल्या मराठी वाचकाला हे शब्द घरचे वाटतील, पण इथे एक मोठा फरक आहे. आपल्याकडे थेंब त्या मुलाला वाचवायला दिले जात होते. इस्रायलच्या आईबापांना सांगायचं होतं ते असं: तुमचं मूल सुरक्षितच आहे, तरीही त्याला जिवंत विषाणूची लस द्या, म्हणजे ते दुसऱ्याला देणार नाही. लोकांनी प्रश्न विचारले, आणि ते रास्त होते: माझ्या मुलाला फायदा काय? आरोग्य खात्याने ‘तुमच्या मुलाला धोका आहे’ अशी भीती घातली असती तर ते खोटं ठरलं असतं. त्यांनी भर दिला तो कुटुंबावर: घरातलं तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेली आजी. नऊ लाखांहून जास्त मुलांना थेंब मिळाले. प्रतिसाद सर्वात चांगला आला तो दक्षिणेतल्या बेदुइनांकडून.

थेंब सुरू झाल्याझाल्या प्रयोगशाळेपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. लाखो मुलं आता लशीतला प्रकार १चा विषाणू गटारात सोडत होती. पेशींवर तोही वाढतो आणि संख्येने इतका जास्त असतो की वाइल्ड त्यात बुडून जातो. उपाय दोन. वर सांगितलेली, फक्त पाकिस्तानी घराण्याच्या विषाणूलाच ओळखणारी पीसीआर. आणि पेशींची बाटली ३६ऐवजी ४० अंशांवर ठेवणं: लशीतला विषाणू त्या उष्णतेत नीट वाढत नाही, वाइल्ड वाढतो. उष्मकाचं तापमान अर्ध्या अंशाने जरी हललं तरी ही गाळणी बिघडते, म्हणून त्यावर वेगळा तापमापक ठेवून नोंद करावी लागते.

तोच विषाणू, दुसरीकडे

याच घराण्याचा विषाणू २०१३मध्येच सीरियात पोचला. तिथे युद्धामुळे लसीकरण २०१०च्या ९१ टक्क्यांवरून २०१२मध्ये ६८वर घसरलेलं होतं. ऑक्टोबरमध्ये देर अझ-झोर भागात लुळेपणाचे रुग्ण सापडले. एकूण ३६ मुलं लुळी पडली. नेगेवमध्ये आयपीव्हीने काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवावा.

गटारातून पोलिओ शोधणं मुंबईला जुनं. २००१पासून परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये मुंबईच्या वस्त्यांचं सांडपाणी तपासलं जात होतं, आणि शहरात रुग्ण नसतानाही उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले विषाणू त्यात सापडत. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला नोंदला गेला. आज आपल्याकडे थेंब आणि सुई दोन्ही आहेत, त्यामुळे प्रकार १च्या बाबतीत नेगेवची फट इथे नाही. ती उघडेल ती थेंब बंद होतील त्या वर्षापासून, आणि रुंद होईल त्यानंतर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलागणिक. थेंब थांबवायच्या आधी नमुन्यांची वारंवारता, निकालाचे दिवस आणि गोदामातला थेंबांचा राखीव साठा हे तिन्ही कागदावर ठरलेलं हवं. इस्रायलमध्ये पहिलं होतं पण अपुरं, आणि दुसरं सुधारावं लागलं ते ऐन गडबडीत.

संपलं कधी म्हणायचं

शरद ऋतूपर्यंत बहुतेक जागांचे नमुने साफ झाले. विषाणू शेवटी रेंगाळला तो दक्षिणेतल्या मोजक्या वस्त्यांत. जानेवारी २०१४पासून थेंब नेहमीच्या वेळापत्रकात परत आले, ६ आणि १८ महिन्यांना. शेवटचा होकारार्थी नमुना मार्च २०१४चा.

पण नकारार्थी नमुना म्हणजे विषाणू नाही असं नव्हे; त्या दिवशी, त्या गटारात, त्या पद्धतीने तो दिसला नाही, एवढंच. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या गटारात मुद्दाम लशीतला विषाणू सोडून पाहिलं होतं: वीस किलोमीटर खाली, शुद्धीकरण केंद्रात तो चार दिवस सापडत राहिला. म्हणजे पद्धत तीक्ष्ण आहे, पण मूल महिनाभर विषाणू सोडतं आणि नमुना महिन्याने घेतला तर दोन नमुन्यांच्या मधल्या फटीतून साखळी निसटू शकते. शिवाय गटार नसलेल्या वस्त्या आहेतच. म्हणून एका जागेचा एक साफ निकाल मोजत नाहीत. सगळ्या जागांचे सलग बारा महिन्यांचे निकाल मोजतात, आणि तेही आरडीच्या बाटल्यांत इतर विषाणू नेहमीसारखे उगवत असतील तरच. ते वर्ष पुरं झाल्यावर, एप्रिल २०१५मध्ये इस्रायलचं नाव पुन्हा पोलिओमुक्त देशांत लागलं. रहातच्या गटारातलं यंत्र त्यानंतरही चालू ठेवलं गेलं.